जुनी स्पोर्ट्स कार आणि वॉरंटीचा शब्द



नाशिक हे द्राक्षांचे शहर आहे, तसेच ते गाड्यांचेही शहर आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे. ज्याला जुनी माणसे अजून ‘मायको’ म्हणतात, तो बॉशचा कारखानाही तेथेच आहे. या कारखान्यांच्या आधाराने शहरात गॅरेज, सुटे भाग, डेंटिंग-पेंटिंग आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री हे धंदे वाढले. द्वारका, सारडा सर्कल, वडाळा नाका या भागांत आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल पान्ह्यावर पेटते. वडिलांनी जीप आणि ॲम्बेसेडर दुरुस्त केल्या. मुलगा आज स्कॅनर जोडून टर्बो इंजिनाचा फॉल्ट कोड वाचतो.

मुंबई-पुण्यात पाच-सहा वर्षे वापरलेली स्पोर्ट्स कार आता नाशिकलाही येते. नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत ती मिळाली की घेणाऱ्याला सौदा स्वस्तात झाला असे वाटते. पण गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, टर्बोचार्जर, परदेशी बनावटीचे ब्रेक या वस्तू बिघडल्या तर बिल नव्या गाडीच्या हिशेबाने येते. अशा वेळी सर्वांना एकच शब्द आठवतो, ‘वॉरंटी’. आणि बहुतेक तंटा याच शब्दावरून होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका तरुण व्यापाऱ्याने नाशिकच्या एका डीलरकडून सहा वर्षांची दोन आसनी गाडी घेतली. डीलर तोंडी म्हणाला, “एक वर्षाची वॉरंटी आहे, काळजी करू नका.” दुसऱ्या महिन्यात त्याने ओळखीच्या मिस्त्रीकडून गिअरबॉक्सचे ऑइल बदलून घेतले. तिसऱ्या महिन्यात गाडी झटके देऊ लागली. तरी तो महिनाभर तशीच चालवत राहिला. शेवटी गाडी बंद पडली आणि खर्चाचा अंदाज लाखांच्या घरात गेला. डीलर म्हणतो, “कंपनीला विचारा.” कंपनीचे सर्व्हिस सेंटर म्हणते, “बाहेर काम झाले आहे.” मिस्त्री म्हणतो, “मी फक्त ऑइल बदलले.” तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतील. मग भरपाई कोणी करायची?

याचे उत्तर शोधण्यासाठी कायदा आणि शरीअत दोन्हींकडे पाहू. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे : शब्द कोणी दिला, कशाबद्दल दिला आणि किती मुदतीचा दिला?

वॉरंटी म्हणजे नेमके काय?

माल विक्री कायदा १९३० च्या कलम १२ मध्ये ‘अट’ आणि ‘वॉरंटी’ असा भेद केला आहे. अट ही व्यवहाराच्या मुळाशी असते. ती मोडली तर घेणारा माल नाकारू शकतो. वॉरंटी हे मुख्य व्यवहाराला जोडलेले वचन असते. ते मोडले तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. शिवाय माल एकदा स्वीकारला की अट मोडल्याचा दावाही सामान्यतः वॉरंटी मोडल्याइतकाच उरतो, असे कलम १३ सांगते.

व्यवहारात जुन्या गाडीवर चार प्रकारची वॉरंटी असू शकते. ती एकमेकींत मिसळू नये.

१) कंपनीची मूळ वॉरंटी. ती ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल तिथवर असते. मुदत शिल्लक असेल तर बहुतेक वेळा ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. पण सहा वर्षांच्या गाडीवर ती सहसा संपलेली असते.

२) कंपनीची वाढीव वॉरंटी. ही पहिल्या मालकाने पैसे भरून घेतलेली असते. गाडी विकल्यावर ती नव्या नावावर करून घ्यावी लागेल की नाही, त्याला मुदत व शुल्क किती, हे तिच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद पाहिल्याशिवाय तिची किंमत मोजू नये.

३) डीलरची किंवा तिसऱ्या कंपनीची वॉरंटी. ही बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती असते. क्लचप्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी असे झिजणारे भाग तिच्यात धरलेले नसतात.

४) तोंडी वॉरंटी. तोंडी वचनही करारच आहे. पण वाद झाल्यावर ते सिद्ध करणे कठीण असते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. वॉरंटी म्हणजे गाडी बदलून मिळण्याची हमी नव्हे. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केले. क्लचमध्ये दोष होता आणि खालच्या आयोगाने गाडी बदलून देण्याचा आदेश दिला होता. वॉरंटीच्या अटींत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल तर कंपनीची जबाबदारी तेवढीच राहते, असे सांगून न्यायालयाने तो आदेश बदलला. म्हणून कागदावर जे लिहिले आहे तेवढेच मागता येते.

शरीअतची शिकवण

इस्लामी फिकहमध्ये याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. विकलेल्या वस्तूत आधीपासून दोष होता, तो सांगितला गेला नव्हता आणि घेणाऱ्याला माहीतही नव्हता, तर त्याला व्यवहार मोडण्याचा अधिकार मिळतो. त्यासाठी वेगळी वॉरंटी लिहून द्यावी लागत नाही. निर्दोष वस्तू देणे हे विक्रीतच गृहीत धरलेले आहे.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावण्यात आले. येथे धान्य ओले असणे हा अपराध नव्हता. ओले धान्य खाली दडवणे हा अपराध होता. गाडी जुनी असणे, तिचा अपघात झालेला असणे, गिअरबॉक्स एकदा उघडलेला असणे हा गुन्हा नाही. तो लपवणे हा गुन्हा आहे.

दुसरी हदीस जनावराविषयी आहे. विकण्यापूर्वी काही दिवस दूध न काढता कास भरलेली दाखवू नये, असा आदेश आहे. अशा फसवणुकीत घेणाऱ्याने काय करायचे याच्या तपशिलात इमामांमध्ये मतभेद आहेत, पण ते कृत्य निषिद्ध आहे यावर सर्वांचे एकमत आहे. आज गाडीचे मीटर मागे फिरवणे हे तेच काम आहे. कासेच्या जागी मीटर आले, नीयत तीच राहिली.

आणि लेखी हमीसाठीही आपल्याकडे आदर्श आहे. हजरत अद्दा बिन खालिद (रजि.) यांच्याशी झालेल्या व्यवहाराचा लेख प्रेषित (स.) यांनी करून दिला होता. त्या वस्तूत रोग नाही, खोट नाही, फसवणूक नाही अशा आशयाची नोंद त्यात होती. आजच्या भाषेत ते वॉरंटीचे पत्र होते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एका कापडातील दोष गिऱ्हाइकाला न सांगता माल विकला. गिऱ्हाईक पुन्हा सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची रक्कम सदका करून टाकली, असे त्यांच्या चरित्रात येते. भागीदार विसरला होता, त्याने फसवले नव्हते. तरीही त्यांनी तो पैसा घरात ठेवला नाही.

‘जशी आहे तशी’ विक्री

जुन्या गाडीच्या बाजारात “जशी आहे तशी, नंतर तक्रार नाही” असे म्हणण्याची पद्धत आहे. हनफी फिकहनुसार विक्रेत्याने सर्व दोषांपासून मुक्त राहण्याची अट घातली आणि घेणाऱ्याने ती मानली तर दोषामुळे माल परत करण्याचा हक्क उरत नाही. कोकणातील शाफई बांधवांच्या मसलकात ही अट इतकी मोकळी नाही, माहीत असलेला दोष तिने माफ होत नाही. पण जाणूनबुजून लपवलेल्या दोषाचे पाप कोणत्याही मसलकात या अटीने धुतले जात नाही.

कायदाही जवळजवळ हेच सांगतो. कलम १६ प्रमाणे घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे हा सर्वसाधारण नियम आहे. तपासून घेतल्यावर जो दोष दिसायला हवा होता, त्याची तक्रार नंतर चालत नाही. परंतु दोष मुद्दाम झाकून ठेवणे ही करार कायदा १८७२ च्या कलम १७ नुसार लबाडी आहे.

दोष उशिरा कळला तर काय? फिकह म्हणते : दोष कळल्यावरही घेणारा वस्तू मालकासारखी वापरत राहिला तर त्याने दोष पत्करला असे समजावे. तसेच घेणाऱ्याच्या हातात नवा बिघाड झाला असेल तर वस्तू परत नाही, फक्त जुन्या दोषापुरती किंमत कमी करून मागता येते. विक्रेता राजीखुशीने परत घेत असेल तर गोष्ट वेगळी. कायद्यातही वाजवी मुदतीत न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे मानतात, आणि मग फक्त भरपाई उरते. म्हणून पहिला झटका बसला त्याच दिवशी गाडी उभी करा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. “बघू, चालतेय तोवर चालवू” हे वाक्य पुढे फार महागात पडते.

मिस्त्रीच्या हाताचा प्रश्न

आता आपल्या कारागीर बांधवांच्या पोटाचा प्रश्न. बाहेरच्या गॅरेजात काम केले की वॉरंटी संपली, असे गिऱ्हाइकाला सर्रास सांगितले जाते. हे खरे आहे का?

२०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला अधिकृत केंद्राकडेच जावे लागते, असे त्याचे म्हणणे होते. सुरुवातीला तक्रार होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध होती. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्यात पुण्याची टाटा मोटर्स आणि नाशिकला कारखाना असलेली महिंद्र अँड महिंद्र याही होत्या.

आपल्या दृष्टीने दंडापेक्षा त्यातील निर्देश महत्त्वाचा आहे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट कंपन्यांनी घालू नये, असे आयोगाने म्हटले. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. म्हणजे ऑइल बदलणाऱ्या मिस्त्रीमुळे दाराच्या काचेच्या मोटारीची वॉरंटी जाऊ नये, हा साधा न्याय आहे.

परंतु बांधवांनो, या आदेशाला ढाल समजून निर्धास्त होऊ नका. कंपन्या अपिलात आणि उच्च न्यायालयात गेल्या. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही कंपन्यांविरुद्धचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंडाचा हिशेब बदलला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. वारा कारागिराच्या बाजूने वाहू लागला आहे. तरीही वादाच्या दिवशी उपयोगी पडतो तो आपल्या हातातला कागदच.

म्हणून गाडीला पाना लावण्यापूर्वी मिस्त्रीने गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारावा : “गाडीवर कोणाची वॉरंटी आहे का?” असेल तर इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स उघडू नये. आधी वॉरंटी देणाऱ्याला कळवायला सांगावे आणि त्याची लेखी मंजुरी मागावी. यात एक काम हातचे जाईल, पण गिऱ्हाईक आयुष्यभराचे होईल. काम घेतले तर जॉब कार्ड करावे, आलेल्या गाडीचे आणि मीटरचे फोटो काढावेत, ऑइलचा दर्जा व भागाचा नंबर पक्क्या बिलावर लिहावा, जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यावा.

कारागिराच्या जबाबदारीवर फिकहमध्ये सविस्तर चर्चा आहे. जो अनेकांची कामे घेतो तो धोबी, शिंपी, रंगारी ‘अजीर-ए-मुश्तरक’ ठरतो. आपला मिस्त्रीही त्यातच येतो. त्याच्या स्वतःच्या कामामुळे वस्तू बिघडली तर भरपाई त्याने द्यावी. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी त्यापुढे जाऊन, टाळता न येणारी आपत्ती सोडून, त्याच्या ताब्यात झालेल्या नुकसानीचीही जबाबदारी त्याच्यावर ठेवली. लोकांच्या मालाचे रक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू. तेव्हा चुकीचे ऑइल आपल्या हातून पडले असेल तर ते कबूल करणे हाच ईमानदारीचा मार्ग.

उलट बाजूने कारागिराचाही हक्क आहे. वॉरंटी देणाऱ्याने बिल नाकारले आणि मालकही हात वर करू लागला, तर करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे त्याच कामाची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवता येते, वेगळे काही ठरलेले नसेल तर. मात्र मागील उधारीसाठी आजची गाडी अडवता येत नाही.

डीलरने काय पाळावे

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये काही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट लिहिल्या आहेत. जुनी किंवा दुरुस्त करून नवी केलेली वस्तू नवी म्हणून सांगणे ही एक. पुरेशी तपासणी न करता वस्तू किती टिकेल याची वॉरंटी देणे ही दुसरी. बिल न देणे ही तिसरी. म्हणजे गाडी स्कॅनरवर न लावता, वर न उचलता “एक वर्ष काही होणार नाही” असे म्हणणे हा नुसता फाजील आत्मविश्वास नाही, तो कायद्याचा भंग ठरू शकतो.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत अधिकृत परवान्याची पद्धत आली आहे. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओच्या प्रणालीत द्यायची, मग नोंदणी हस्तांतर वगैरे कामे डीलर करू शकतो. आपल्या बांधवांनी हा परवाना काढून घ्यावा. नाव बदलण्याचे काम लांबवणे धोक्याचे आहे. नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर अपघाताची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितले आहे. विमाही नव्या नावावर करून घ्यावा. वॉरंटी बिघाडाची असते आणि विमा अपघाताचा, एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

शब्द देणाराच उरला नाही तर?

वॉरंटी देणाऱ्याच्या आयुष्याइतकीच वॉरंटीची ताकद असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार बनू लागली. इंजिन रेनॉचे होते. थोड्याच गाड्या बनल्या आणि पुढे उत्पादन बंद झाले. आज अशी गाडी घेणाऱ्याला वॉरंटी नव्हे, चांगला फायबरवाला आणि जुने भाग जमवणारा मिस्त्री शोधावा लागतो.

पुण्याजवळ बनलेली डीसी अवंती ही दुसरी. २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत तिचे फार कौतुक झाले. डिसेंबर २०२० मध्ये, एकाच चेसिस व इंजिन क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. आरोपाचा निवाडा न्यायालयाचे काम आहे. आपल्यासाठी धडा एवढाच की आरसी बुकावरचा क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. गाडीची ओळखच संशयास्पद असेल तर वॉरंटीचा कागद कशाला चिकटवणार?

मोठ्या कंपन्याही जातात. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात शेवरोलेची विक्री थांबवली आणि तळेगावचे उत्पादन २०२० मध्ये बंद केले. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दिलेल्या वॉरंटी पाळू, असे या कंपन्यांनी सांगितले. पण सर्व्हिस सेंटर कमी झाले की नाशिकच्या माणसाला गाडी घेऊन दूर जावे लागते. हा खर्चही सौद्यातच धरावा.

पैसे देऊन घेतलेली वॉरंटी आणि शरीअत

विक्रेत्याने किमतीत धरूनच दिलेली हमी हा विक्रीचा भाग आहे, ती बहुतेक उलेमांनी मान्य केली आहे. स्वतंत्र पैसे भरून तिसऱ्या कंपनीकडून घेतलेली वॉरंटी मात्र अनेक उलेमांना विम्यासारखी वाटते. तीत ‘गरर’, म्हणजे अनिश्चितता आहे : बिघाड झाला तर लाभ, नाही झाला तर पैसे गेले. काही उलेमा सेवेचा करार म्हणून तिला मुभा देतात. विक्रेता आणि घेणारा दोघांनीही मोघम प्रश्न न विचारता, प्रत्यक्ष कागद आपल्या विश्वासातील मुफ्तीसाहेबांपुढे ठेवून विचारावे.

तक्रार कोठे?

नाशिककराला नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, गाडी मुंबईच्या डीलरकडून घेतली असली तरी. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराच्या राहण्याच्या किंवा कामाच्या ठिकाणी दावा करण्याची सोय दिली. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. म्हणून सदोष भाग फेकू नये. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

व्यापाऱ्यांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ‘ग्राहक’ ठरत नाही. पुण्यात लघुउद्योग म्हणून नोंदलेल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सने घेतलेले यंत्र सदोष निघाले, पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्राहक मानले नाही. त्याच निकालात हेही सांगितले की जो स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टॅक्सी किंवा रिक्षा घेतो, तो ग्राहकच आहे. स्वतःच्या वापराची कार घेणाराही ग्राहक आहे. पण विकण्यासाठी गाडी घेणाऱ्या डीलरला दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागेल. म्हणून डीलरने तर दुप्पट तपासून घ्यावी.

उदाहरणाकडे परत

आता त्या तरुणाची गाडी पुन्हा पाहू. कंपनीची मूळ वॉरंटी सहा वर्षांत संपली असल्याने कंपनीकडे जाण्यात अर्थ नव्हता. शब्द दिला होता डीलरने. गिअरबॉक्स त्या शब्दात येत होता की नाही हे लिहिलेले नव्हते, पण ‘एक वर्ष’ म्हणताना त्याने काही वगळलेही नव्हते. तेव्हा पहिली जबाबदारी त्याची. मिस्त्रीने योग्य दर्जाचे ऑइल घातल्याचे बिल दाखवले तर तो मोकळा, न दाखवले तर संशयाची सुई त्याच्याकडे. आणि झटके सुरू झाल्यावर महिनाभर गाडी चालवल्यामुळे वाढलेले नुकसान त्या तरुणाचे स्वतःचे. तिघांनी बसून असा हिस्सा वाटून घेतला तर आयोगाची पायरीही चढावी लागणार नाही. सुलह हीच उत्तम, असे आपला धर्म सांगतो.

पण खरा उपाय सौद्याच्या दिवशीच होता. एक साधा कागद, आणि त्यावर एवढ्याच नोंदी :

१) चेसिस व इंजिन क्रमांक, मीटरचे वाचन, तारीख.

२) विक्रेत्याला माहीत असलेले सर्व दोष, झालेले अपघात, उघडलेले भाग, बदललेला सायलेन्सर किंवा वाढवलेली ताकद. अशा फेरफाराने वॉरंटी जाऊ शकते आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही आड येते.

३) वॉरंटी कोणाची, कोणत्या भागांची, किती महिन्यांची व किती किलोमीटरची.

४) बिघाड झाल्यास कळवायचे कोणाला, दुरुस्ती कोठे, मजुरी कोणाची, ओढून नेण्याचा खर्च कोणाचा.

५) दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

हा कागद लिहायला अर्धा तासही लागत नाही. विकणारा आणि घेणारा खरे बोलले व दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपवले तर ती उठते, अशी ग्वाही हदीसमध्ये आहे. बाजारात आपली ओळख दुकानाच्या पाटीवरून होत नाही, दिलेल्या शब्दावरून होते. नाशिकच्या एखाद्या गिऱ्हाइकाने “गाडी त्या भाईकडूनच घ्या, तो दोष आधी सांगतो” असे म्हटले तर त्याहून मोठी जाहिरात नाही.

अल्लाह आपल्या कमाईत हलालची बरकत देवो आणि दिलेला शब्द पाळण्याची तौफीक देवो. आमीन.